खोका उघडणाऱ्याची सोय

घर बदलताना खोके भरणारा माणूस एक असतो आणि नव्या घरात ते उघडणारा दुसराच. देह एकच असला तरी. भरणाऱ्याला सगळं ठाऊक असतं: कुठली बरणी कुठल्या टॉवेलात गुंडाळली, पलंगाचे स्क्रू कुठे टाकले. उघडणाऱ्याला यातलं काहीही आठवत नाही. तो दमलेला असतो, भुकेला असतो आणि दिवसभर 'हे कुठे ठेवू?' या प्रश्नाला उत्तरं देऊन वैतागलेला असतो. त्याला कात्री हवी असते. कात्री खोक्यात असते आणि खोका कात्रीशिवाय उघडत नाही.

बांधाबांधीचे जवळपास सगळे शहाणपणाचे नियम या दुसऱ्या माणसाची कीव करण्यातून निघतात, असं माझं मत आहे. भरणारा स्वतःची सोय बघायला लागला की काम भराभर उरकतं आणि बिल उघडणाऱ्याच्या नावावर फाटतं.

याचा ढळढळीत पुरावा म्हणजे 'किरकोळ' असं लिहिलेला खोका. तो शेवटच्या संध्याकाळी जन्माला येतो. त्यात स्टेपलर जातो, औषधाची अर्धी पट्टी जाते, कुठल्याशा उपकरणाचा रबरी पाय, दोन अनोळखी किल्ल्या, एकटा मोजा. वर मार्करने 'किरकोळ' लिहिलं की भरणारा सुटला. मग हळूच 'किरकोळ 2' येतो. नव्या घरात नेमकी हवी असलेली प्रत्येक वस्तू या दोघांपैकी एकात असते आणि पहिल्यांदा आपण नेहमी चुकीचाच उघडतो.

लेबलाचं शास्त्र तसं सोपं आहे. वस्तू आज कुठल्या खोलीत आहे ते लिहायचं नाही, उद्या कुठल्या खोलीत जाणार ते लिहायचं. जुन्या घरात पुस्तकं बैठकीच्या खोलीत असतील, नव्या घरात ती झोपायच्या खोलीत जाणार असतील, तर खोक्यावर झोपायची खोलीच हवी. सामान उचलणाऱ्या माणसाला आपला इतिहास ठाऊक नसतो. दुसरं म्हणजे, खोक्याच्या डोक्यावर लिहून उपयोग नाही. खोके एकावर एक बसले की डोकी दिसेनाशी होतात. दोन शेजारच्या बाजूंवर लिहावं. आणि झाकण लावण्याआधी आतला एक फोटो काढून ठेवावा. वहीत क्रमांकवार याद्या करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण रंगीत स्टिकर, रकाने, उपरकाने असा थाट मांडून बसलेली माणसं पाहिली की शंका येते. यादी करण्यात एक सुख असतं आणि ते बऱ्याचदा खोका न भरण्याचं सुख असतं.

अर्थात बांधाबांधीच्या आधी आवराआवर. इथेच घोडं पेंड खातं. आमच्या आईचं एक ठरलेलं वाक्य आहे: "असू दे गं, लागेल कधीतरी." या वाक्यापुढे भले भले हात टेकतात, कारण ते खोटं ठरवता येत नाही. कधीतरी म्हणजे कधीही. बंद पडलेल्या फोनचे चार्जर, झाकण हरवलेले डबे, डबे हरवलेली झाकणं, सगळी या वाक्याच्या आश्रयाने राहतात.

यात आईचा एकटीचा दोष नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी एका सहकाऱ्यासोबत केलेले काही प्रयोग 1990 साली प्रसिद्ध झाले. काही विद्यार्थ्यांना त्यांनी साधे कॉफीचे मग दिले, काहींना दिले नाहीत. नंतर ज्यांच्याकडे मग आले त्यांना विचारलं, कितीला विकाल? ज्यांच्याकडे नव्हते त्यांना विचारलं, कितीला घ्याल? विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास निघाली. कॉफीचा मग तोच, मिळून थोडाच वेळ झालेला. तरी हातात आला आणि महाग झाला. मग जी वस्तू बारा वर्षं माळ्यावर आपल्या डोक्यावर झोपलीय तिची किंमत काय होत असेल!

म्हणून 'हे टाकू का?' हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. त्याचं उत्तर ठरलेलं आहे, नको. प्रश्न फिरवून विचारायचा: ही वस्तू माझ्याकडे नसती, तर आज मी ती मुद्दाम जाऊन आणली असती का? निम्मा माळा या एका प्रश्नाने रिकामा होतो. आणि सुरुवात जिथे जीव सगळ्यात कमी गुंतलाय तिथून करावी: न्हाणीघरातलं कपाट, मुदत संपलेली औषधं, वायरींचा गुंता. फोटोंपासून सुरुवात करणाऱ्याचं काम संपत नाही. संध्याकाळी तो जमिनीवर फतकल मारून बसलेला सापडतो आणि भोवती तेवढाच पसारा असतो. फोटो निवडूच नयेत. जसे आहेत तसे बांधावेत आणि निवडायचं काम उघडणाऱ्यावर सोपवावं. हे एकच काम असं आहे की ते त्याच्या गळ्यात घातलं तरी तो रागावत नाही.

आता खोके. पुस्तकांसाठी माणसं सगळ्यात मोठा खोका शोधतात, कारण पुस्तकं पुष्कळ असतात. गणित उलटं आहे. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच खोका पुस्तकांनी गच्च भरला तर तो साधारण 18 ते 20 किलोचा होतो. म्हणजे एका माणसाने उचलण्याइतका. प्रत्येक बाजू दुप्पट केली की आकारमान आठपट होतं आणि वजनही: दीडशे किलोच्या घरात. तो खोका मग उचलला जात नाही, फक्त त्याचा तळ उचकटतो. तेव्हा जड सामान लहान खोक्यात. मोठा खोका उशा, पांघरुणं आणि लोकरीच्या कपड्यांसाठी.

पुठ्ठ्याच्या खोक्याकडे एकदा नीट बघावं. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद असतो, आणि खोका उभा ठेवला की त्या नागमोडी घड्या खांबांसारख्या उभ्या राहून वजन पेलतात. सगळ्यात जास्त भार चार कोपरे घेतात. म्हणून खोके रचताना कोपऱ्यावर कोपरा यायला हवा. विटांच्या भिंतीसारखे सांधे चुकवून रचले तर दिसायला मजबूत दिसतात, पण वरच्याचा कोपरा खालच्याच्या मऊ मध्यावर बसतो आणि तो खचतो. अर्धवट भरलेला खोकाही असाच दबतो, म्हणून वरची पोकळी कागदाच्या बोळ्यांनी भरायची. ओल लागली तर मात्र पुठ्ठ्याचं अवसान लगेच गळतं. न्हाणीघराशेजारी रात्रभर ठेवलेला खोका सकाळी वेगळाच असतो. आणि तळाच्या चार पाकळ्या एकमेकींत अडकवून 'झालं' म्हणणाऱ्यांना तर काय सांगावं! टेप हवीच, मधल्या चिरेवर आणि दोन्ही कडांवर.

बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकची गोष्ट मला फार आवडते. 1957 साली न्यू जर्सीत आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान यांनी न्हाणीघराचे दोन प्लॅस्टिकचे पडदे एकमेकांना चिकटवले, मध्ये हवेचे फुगे राहिले आणि त्यांना वाटलं, भिंतींना लावायला हा छान नक्षीदार कागद होईल. कुणी लावला नाही. नंतर आयबीएमने आपले नवे संगणक पोचवताना ते वापरलं आणि त्याचं नशीब उघडलं. घर सजवण्यासाठी निघालेली वस्तू घर रिकामं करण्याच्या कामी आली.

काचेच्या आणि चिनी मातीच्या ताटल्या मात्र बुडबुड्यांनी नव्हे, उभं राहण्याने वाचतात. एकावर एक आडव्या रचल्या की खालच्या ताटलीवर वरच्या सगळ्यांचं ओझं येतं आणि गाडीने धक्का खाल्ला की ती मधोमध वाकायला बघते. चिनी मातीला वाकणं माहीत नाही, ती तुटते. त्याच ताटल्या कागदात एकेक गुंडाळून, रॅकमध्ये पुस्तकं लावतात तशा कडेवर उभ्या केल्या, की प्रत्येकीला फक्त स्वतःचं वजन सांभाळायचं असतं. तळाला बोळ्यांची गादी, वर बोळ्यांचं पांघरूण. मग खोका हातात धरून हलकेच हलवायचा. आतून किणकिण आली तर उघडून पुन्हा भरायचा. हे कंटाळवाणं आहे, पण हा आवाज ऐकूनही टेप मारणारा माणूस आणि 'किरकोळ 2' लिहिणारा माणूस एकच.

यंत्रांचं दुखणं निराळं. फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून, बर्फ वितळवून, पुसून कोरडा करावा आणि उभाच न्यावा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. नाइलाजाने आडवा करावा लागलाच, तर पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा, म्हणजे तेल परत जागेवर येतं. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचा ड्रम आत स्प्रिंगांवर लोंबकळत असतो. तो प्रवासात आपटू नये म्हणून कारखान्यातून येतानाच मागून लांब बोल्ट घातलेले असतात. बसवणारा माणूस ते काढतो, आपल्या हातात देतो आणि सांगतो, "हे जपून ठेवा." जपून ठेवलेल्या त्या बोल्टांचं पुढे काय होतं हा संशोधनाचा विषय आहे. सापडलेच तर पिशवीत घालून मशीनच्याच पाठीला चिकटवून टाकावेत. पलंगाच्या, टेबलाच्या स्क्रूंनाही हाच न्याय: ज्याचे स्क्रू त्याच्याच अंगाला, पारदर्शक पिशवीत, टेपने. टीव्हीमागच्या वायरी काढण्याआधी फोटो काढावा. भरणाऱ्याला तो गुंता पाठ असतो, उघडणाऱ्याला ती नुसती वायरींची वेणी वाटते.

सोफ्याबद्दल मी काही सांगण्यापेक्षा गणितज्ञांनीच सांगावं. काटकोनात वळणाऱ्या, एक मापाच्या रुंदीच्या बोळातून जास्तीत जास्त किती क्षेत्रफळाचा सोफा सरकवून नेता येईल, हा प्रश्न लिओ मोझर यांनी 1966 साली रीतसर मांडला. 1992 मध्ये जोसेफ गर्व्हर यांनी जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा एक आकार दिला, क्षेत्रफळ बोळाच्या रुंदीच्या वर्गाच्या साधारण 2.2195 पट. याहून मोठा शक्य नाही, याची सिद्धता जिनिओन बेक यांनी 2024 मध्ये मांडली. मोझरपासून मोजलं तर 58 वर्षं! आणि त्या सोफ्याला जमिनीवरून उचलायची परवानगीसुद्धा नव्हती. आपल्याला निदान तो उभा करता येतो, पाय काढता येतात, दार बिजागऱ्यांतून उतरवता येतं. पण हे जिन्याच्या वळणावर चार माणसं घामाघूम उभी असताना सुचण्यापेक्षा आदल्या आठवड्यात टेप घेऊन नव्या घराचं दार, लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजून यावं. सोफ्याचं माप लिहून खिशात असावं. दुकानात आवडलेलं कपाट आणि दारातून आत जाणारं कपाट यांची एरवी गाठ पडतेच असं नाही.

सगळ्यात शेवटी भरायचा आणि सगळ्यात आधी उघडायचा असा एक खोका वेगळा काढावा. तो ट्रकमध्ये चढवला तर इतरांच्या गर्दीत गडप होतो, म्हणून आपल्यासोबतच न्यावा. त्यात कात्री किंवा कटर (हे सगळ्यात वर), स्क्रूड्रायव्हर, चालू असलेला बल्ब, टॉर्च, साबण, टॉवेल, एक जोडी चादरी, रोजची औषधं, चार्जर, पाणी प्यायचे पेले, कचऱ्याच्या पिशव्या. मूळ कागदपत्रं आणि दागिने मात्र या खोक्यातही नकोत; ते आपल्या खांद्यावरच्या पिशवीत. संगणकातल्या महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत आदल्या दिवशी दुसरीकडे ठेवलेली बरी. रंगाचे डबे, थिनर, गॅसचं सिलिंडर असलं पेट घेणारं काहीही सामानाच्या गाडीत चढवू नये.

नव्या घरात पोचल्यावर उघडायचा क्रम कुणी शिकवावा लागत नाही, पण मोडला मात्र सगळ्यांकडून जातो. आधी पलंग. अंधार पडायच्या आत पलंग जोडून चादर घातली की बाकी घर कितीही उलटंपालटं असलं तरी चालतं. मग न्हाणीघर, मग स्वयंपाकघर. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत, क्वचित लागणाऱ्या त्याच्या वर, जड असतील त्या खाली. लगेच खण विभागायची ट्रे, डब्यांचे संच विकत आणायला धावू नये. नव्या घरात हात कुठे जातो हे कळायला थोडे दिवस लागतात. सुरी कुठल्या खणात असावी हे आपण ठरवत नाही; चौथ्यांदा आपण ज्या खणात ती शोधतो तिथे ती ठेवायची असते.

आणि न उघडलेले खोके. सहा महिन्यांत उघडला नाही तो खोका न बघता टाकून द्या, असा सल्ला हल्ली फार ऐकू येतो. ऐकायला तडफदार आहे, पण मला पटत नाही. मुलांचे दाखले, आजोबांचं पत्र, विम्याची पॉलिसी या गोष्टी रोज लागत नाहीत म्हणूनच त्या शेवटपर्यंत बंद राहतात. उघडून बघावं, पाच मिनिटं लागतात.

रिकामे खोके मात्र माळ्यावर चढवू नयेत. 'पुढच्या वेळी लागतील' हे आईच्याच वाक्याचं धाकटं भावंड आहे. टेप सोलून, सपाट करून, ज्यांचं बिऱ्हाड हलायचं आहे अशा कुणाला लगेच देऊन टाकावेत. तेवढं बाजूला लिहिलेलं आधी ठळक मार्करने खोडून द्यावं, नाहीतर आपलं 'झोपायची खोली, चादरी' वाचून त्यांची पातेली थेट पलंगावर जाऊन बसतात.