आमची वाटचाल : दशक दांडे, सुटे आणि एक निविदा

आमची शेड पुण्यात धायरीला आहे. बालवाडी ते चौथीच्या मुलांसाठी गणित-विज्ञानाचे लाकडी साहित्य आम्ही तिथे बनवतो: सुटे (एकक दाखवणारे एक सेंटिमीटरचे ठोकळे), दशक दांडे (दहा सुट्यांइतके लांब), मणीमाळा, तराजू, उतारपाट. २००४ साली टूलरूमची, म्हणजे साचे बनवायची, नोकरी सोडली तेव्हा घरातले म्हणाले, "खेळणी विकणार?" मूल आमच्या साहित्याशी खेळते, हे खरेच. पण खेळताना त्याच्या हाताला जे कळते ते खरे निघाले पाहिजे, आणि त्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर असते. वीस वर्षे आम्ही याच एका गोष्टीसाठी भांडत आलो.

सुरुवातीला आम्ही दोघेच होतो, मी आणि आमचे मिस्त्री. ते दारे-खिडक्या करणारे सुतार. सागवानाच्या उरलेल्या पट्ट्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून तेच निवडून आणत. या धंद्यातल्यांना सांगायला नको, पण एक सेंटिमीटरचा ठोकळा कापणे दरवाजा करण्यापेक्षा अवघड आहे. एका सुट्यात ०.२ मिलिमीटर जादा राहिले तर दहा सुट्यांत २ मिलिमीटर होतात, आणि तेवढा फरक पहिलीतल्या मुलाला दिसतो. त्यात लाकूड पावसाळ्यात फुगते. ते रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवे वाढते. दांड्याची लांबी रेषांच्या दिशेने असते. सुटे मात्र मूल हवे तसे फिरवून लावणार. म्हणजे मे महिन्यात तंतोतंत जमलेली पेटी ऑगस्टमध्ये खोटी बोलू शकते. सागवान त्यातल्या त्यात कमी फुगतो, म्हणून महाग असूनही आम्ही तो सोडला नाही. माल पुरता वाळवायचा, ओलावा मीटरने तपासायचा आणि सुट्याच्या सहाही बाजूंना लॅकर द्यायचे. पाच बाजूंना दिले तर काम फुकट.

मिस्त्रींनी लोखंडी पट्टीत बरोबर १० सेंटिमीटरची एक खोबणी करून घेतली होती. दहा सुटे त्यात अलगद बसले तर पास. शेवटचा सुटा अंगठ्याने दाबावा लागला, किंवा ओळ खुळखुळली, की सगळे दहा बाजूला. व्हर्निअर (बारीक माप घ्यायचे साधन) माझ्याकडे होता, पण निकाल खोबणीचा. ती खोबणी आजही कामावर आहे.

आमची पहिली मोठी गिऱ्हाईक म्हणजे मिरजेच्या बालवाडीच्या बाई. पेटी उघडून त्यांनी सुटे हातात घेतले, परत ठेवले आणि म्हणाल्या, "मोजायला मला चिंचोके पुरतात. चिंचोक्यांनी जे होत नाही ते तुम्ही द्या." ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला शिंपले, खडे, बिया, पाने घेऊन बालवाडी चालवली, बाई त्या परंपरेतल्या. विकतच्या वस्तूला उगाच मान देणाऱ्या नव्हेत. त्यांच्या त्या एका वाक्याने आमचा मालच बदलला. चिंचोके मोजता येतात, पण दहा चिंचोके ओळीत लावून लांबी सांगता येत नाही, कारण दोन चिंचोके सारखे नसतात. सुटा तिथे लागतो. दहा सुट्यांच्या शेजारी दांडा ठेवला आणि दोन्ही टोके जुळली, की दशक म्हणजे काय हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. मोजायच्या रंगीत चकत्या आम्ही त्या वर्षीच बंद केल्या. बालवाडीसाठी २.५ सेंटिमीटरचे मोठे ठोकळे काढले तेही बाईंच्या आग्रहावरून. तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूंसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीची चाचणी असते. नळीत मावणारी वस्तू घशात अडकू शकते. २.५ सेंटिमीटरच्या ठोकळ्याच्या एका चौकोनी बाजूचा कर्ण ३५ मिलिमीटर भरतो, तो नळीत उतरत नाही. बाईंच्या वर्गात धाकटी भावंडे कडेवर येत, म्हणून त्यांना हे सुचले.

आता २०११ सालाबद्दल. एक वितरक आमच्याकडे आला. मोठ्या सरकारी खरेदीत आमचीच पेटी घालतो म्हणाला, तसे पत्रही दिले. नमुन्याच्या पेट्या, मापे, शिक्षकांसाठी लिहिलेली आमची पुस्तिका, सगळे घेऊन गेला. त्या पत्रावर बँकेने कर्ज दिले. आम्ही प्लेनर (लाकूड रंधायचे यंत्र) घेतला, लाकूड भरले, माणसे वाढवली. निविदा उघडली तेव्हा त्याची स्वतःची प्लॅस्टिकची पेटी पुढे आली, आमच्या निम्म्याहून कमी दराने. आतली पुस्तिका आमची, शब्दन्‌शब्द. आम्ही एका ठिकाणी 'चिंचोके नसतील तर खडे चालतील' असे लिहिले होते, तेही तसेच.

दराचे दुःख गिळले असते. पण मी आयुष्याची उमेदीची वर्षे साच्यांवर काढली आहेत. ती पेटी हातात घेताच काय झाले ते कळले. दांडा भरीव ओतलेला, सुटा पोकळ. प्लॅस्टिकचा जाड भाग थंड होताना जास्त आवळतो. साचा करताना दोघांना वेगवेगळी सूट द्यावी लागते, ती दिलेली नव्हती. त्यामुळे दांडा आखूड आणि दहाव्या सुट्याची कड बाहेर. निविदेत काय लिहिले होते? दांडे १० नग, सुटे १०० नग. दहा सुटे एका दांड्याइतके भरावेत, हे कुठेच नव्हते. मी अर्ज केले, प्रत्यक्ष जाऊन टेबलावर दांडा आणि सुटे मांडून दाखवले. "नग बरोबर आहेत," एवढेच उत्तर मिळाले.

एका शाळेत ती पेटी वापरताना मी पाहिली. दुसरीतली मुलगी म्हणाली, "बाई, नऊच मावतात." बाई म्हणाल्या, "दहाच असतात, दहा म्हण." मुलीने दहा म्हटले. तिने नीट पाहिले होते, नीट सांगितले होते, आणि तिचेच चुकीचे ठरले. ते आठवले की आजही संताप येतो.

त्यानंतरची दोन वर्षे हप्ते आणि व्याज. माणसे गेली. मिस्त्री दिवसा चौकटी करायला जात आणि संध्याकाळी शेडवर येत. मजुरीचा विषय त्यांनी काढला नाही. मिरजेच्या बाईंनी ओळखीच्या बालवाड्या गोळा करून आगाऊ पैसे पाठवले, सोबत एका ओळीची चिठ्ठी: माल सवडीने द्या. त्या पैशातून शेडचे भाडे निघाले. प्लेनर विकावा लागला नाही. पुढची वर्षे बरी गेली.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. शाळा तेव्हा बंद, ऑर्डर शून्य, आणि चाचण्यांचा खर्च समोर. तरी मी या नियमाच्या बाजूचा आहे. रंगातले शिसे मुलाच्या तोंडात जाते. माझे म्हणणे इतकेच की जी कसोटी रंगाला लावता ती मापालाही लावा.

तराजूचे थोडे सांगतो, कारण आमचा सगळ्यात चांगला माल तोच आहे. दांडीचे मधले भोक तिच्या गुरुत्वमध्याच्या किंचित वर हवे. खाली गेले तर दांडी उलटते, फार वर गेले तर आळशी होते आणि एका खड्याने हलत नाही. आमच्या तराजूला चिंचोका कळतो. शिक्षकांना विनंती आहे की तराजू दिल्यावर लगेच "कोणते जड?" असे विचारू नका. मुलांना पहिला आठवडा नुसते पारडे खालीवर करू द्या. मोठा थर्मोकोल आणि छोटा खिळा ती आपणच शोधून आणतात. आणि पेटी कपाटात कुलूपबंद ठेवू नका. तपासणीच्या दिवशी सुटे कोरे करकरीत दिसले तर तपासणाऱ्याने शेरा मारावा, अशा मताचा मी आहे.

ती प्लॅस्टिकची पेटी पुष्कळ शाळांत अजून आहे. तुमच्याकडे असेल तर सुटे मोजायला वापरा, दांडे मात्र मुलांच्या हातात देऊ नका. त्यांचेच दहा सुटे घट्ट ओळीत लावा, लांबी मोजा आणि गावातल्या सुताराकडून तेवढ्या लांबीच्या दहा पट्ट्या कापून घ्या. पट्टी सुट्याइतकीच रुंद आणि तितकीच जाड हवी. सुताराला मापाचा कागद देऊ नका, सुटेच नेऊन द्या.