मिरचीच्या रोपांची पुनर्लागवड : तीन मिश्रणांची नोंद

ट्रेमधील रोपांना खऱ्या पानांची दुसरी जोडी फुटल्यावर ती लहान कुंड्यांत हलवली आणि या खेपेस तीन मिश्रणे शेजारीशेजारी ठेवून पाहिली. पहिल्यात निम्मी बागेतील माती व निम्मे जुने शेणखत होते. दुसऱ्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चाळलेली माती आणि साधारण एकपंचमांश गांडूळखत. तिसऱ्यात तेच घटक, फक्त मातीच्या जागी परलाइट (ज्वालामुखी खडक तापवून फुगवलेले हलके पांढरे दाणे). जात, ऊन आणि कुंडीचे माप सर्वांना सारखेच ठेवले.

पहिल्या आठवड्यात वरून पाहता काहीच फरक नव्हता, उलट शेणखताची रोपे किंचित अधिक हिरवी दिसत होती. त्यानंतर मात्र त्यांची वाढ मंदावली आणि खालची पाने पिवळी पडू लागली, म्हणून प्रत्येक गटातील एक कुंडी उलटी करून गड्डा हातावर घेतला. पहिल्या मिश्रणात तळाची माती चिकट होती, तिला आंबूस वास येत होता आणि मुळांची टोके तपकिरी झाली होती. दुसऱ्यातील मुळे ठीक होती, पण बहुतेक वरच्या अर्ध्यातच थांबलेली. तिसऱ्यात पांढरी तंतुमुळे तळापर्यंत पोहोचून कडेने वळू लागली होती.

कारण खतात नसून मुळांना मिळणाऱ्या हवेत आहे, असे माझे मत आहे. शेतात जादा पाणी खालच्या थरांत खेचले जाते आणि यथावकाश वाफसा येतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात राहतात. कुंडीत मात्र भोकातून ठिबकणे थांबल्यावरही तळाचा काही भाग पाण्याने भरलेलाच राहतो, आणि मिश्रणाचे कण जितके बारीक तितका हा ओला थर उंच असतो. तळाशी खडे किंवा खापऱ्या भरण्याचा सल्ला याच कारणाने फोल ठरतो, कारण ओला थर नाहीसा न होता खड्यांच्या वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरतो. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावू नये ते यासाठीच : मुळे पोहोचत नाहीत तिथले पाणी शोषले जात नाही, आणि अशा ओलीत मुळे कुजवणाऱ्या पिथियमसारख्या बुरशीसदृश सूक्ष्मजीवांचे फावते.

कोकोपीटविषयी एक सावधगिरी. त्यात सोडियम व पोटॅशियमचे क्षार असू शकतात, शिवाय ते कॅल्शियम धरून ठेवते. त्यामुळे ते साध्या पाण्याने धुऊन, मग कॅल्शियम नायट्रेटच्या सौम्य द्रावणात भिजवून, पुन्हा निथळून घेतले. सामू (pH) 6 ते 6.8 च्या दरम्यान असला की मिरचीला पुरे, त्याहून बारकाईने मोजत बसण्याची मला गरज वाटत नाही. ताजे शेण मात्र कोणत्याही प्रमाणात नको, कारण त्यातून सुटणारा अमोनिया कोवळी मुळे जाळतो.

खोलीबाबत सांगायचे तर टोमॅटोचे खोड मातीत गाडले की त्याला नवी मुळे सहज फुटतात. मिरचीत हा गुण फारसा नसल्याने रोपे ट्रेमधील पातळीलाच लावली.

पहिल्या गटातील उरलेली रोपे आता तिसऱ्या मिश्रणात हलवली आहेत. अखेरच्या मोठ्या कुंडीसाठी परलाइट तसेच ठेवून गांडूळखत थोडे वाढवणार आहे, मूठभर निंबोळी पेंड घालणार आहे आणि थोडी मातीही, कारण नुसत्या कोकोपीटची हलकी कुंडी फळांनी लदलेल्या झाडासह वाऱ्यात कलंडते.