थिबाचा पुतळा कशाला?

आज पुण्याच्या पाहुण्यांना थिबा पॅलेस दाखवला. काकांचं एकच पालुपद, "एवढा राजा होऊन गेला, बागेत मोठा पुतळा नको का उभारायला?"

मला विचाराल तर नको! रत्नागिरीत रिक्षावाल्याला नुसतं 'थिबा' म्हटलं तरी पुरतं. आणखी काय हवं?

ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनी 1885 मध्ये गादीवरून उतरवला, पुढच्याच वर्षी इथे आणून ठेवला. राजवाडा मिळाला थेट 1910 मध्ये आणि 1916 मध्ये तर तो गेलाच. जांभ्याच्या भिंती, वर सागवान, खाली भाट्याची खाडी. सोय चांगली, पण कैद ती कैदच.

गंमत बघा, 1908 ते 1914 आपले टिळक मंडालेच्या तुरुंगात आणि मंडालेचा राजा टिळकांच्या जन्मगावात. इंग्रजांचा हिशेब!

राजाची थोरली मुलगी इथल्याच सावंतांच्या घरातली झाली. तिची लेक टुटू रत्नागिरीतच राहिली, शेणी थापून संसार केला. पुतळा करायचाच तर तिचा करा.

शिवाजीनगरला राजाची कबर आहे, तिथे मात्र पाहुणे आले नाहीत. सुरमई थंड होईल म्हणे. रविवारी मी पुन्हा जातोय, कोण येतंय?