कमीत कमी म्हणजे नेमके किती?

नाशिकमध्ये फिरत्या दवाखान्याच्या गाड्या सुरू करायच्या आहेत, असे समजू. पहिली गाडी पंचवटी, म्हसरूळ आणि आडगाव या भागांत जाऊ शकते. दुसरी सातपूर, अंबड आणि सिडकोत. तिसरी पंचवटी, म्हसरूळ, सातपूर आणि अंबड येथे. सहाही भागांना सेवा मिळाली पाहिजे आणि गाड्या शक्य तितक्या कमी लागल्या पाहिजेत. कमीत कमी संचांनी (येथे गाड्यांनी) सर्व घटक (येथे भाग) झाकायचे, अशा आच्छादनाच्या प्रश्नांपैकी सर्वांत प्रसिद्ध असा ‘सेट कव्हर’ तो हाच. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये जे २१ प्रश्न एनपी-कम्प्लीट (उत्तर झटपट तपासता येते, पण ते झटपट शोधण्याची पद्धत ठाऊक नाही अशा प्रकारचे) असल्याचे दाखवले, त्यांत त्याचा समावेश होता.

विद्यार्थ्यांना हा प्रश्न घातला की बहुतेक जण तिसऱ्या गाडीवर बोट ठेवतात, कारण ती एकदम चार भाग उरकते. पण मग आडगाव आणि सिडको उरतात, त्यांच्यासाठी उरलेल्या दोन्ही गाड्या घ्याव्या लागतात आणि संख्या तीनवर जाते. वास्तविक पहिल्या दोन गाड्यांतच काम भागले असते. तरीही दर वेळी सर्वाधिक नवे घटक झाकणारा संच उचलण्याची ही ग्रीडी पद्धत टाकाऊ नाही. घटकांची संख्या n असेल, तर तिचे उत्तर सर्वोत्तम उत्तराच्या १ + १/२ + १/३ + … + १/n पटीपेक्षा मोठे कधीच होत नाही आणि ही बेरीज साधारण n च्या नैसर्गिक लॉगॅरिदमइतकीच वाढते. इरीट डिनूर आणि डेव्हिड स्टॉयरर यांच्या २०१४ मधील निष्कर्षानुसार, पी आणि एनपी भिन्न असतील, म्हणजे ज्यांचे उत्तर झटपट तपासता येते असे सगळेच प्रश्न झटपट सोडवता येत नसतील, तर याहून ठळकपणे चांगली हमी देणारी कार्यक्षम पद्धत असूच शकत नाही. इतक्या साध्या युक्तीच्या पुढे जाता येत नाही, हे मला आजही चमत्कारिक वाटते.

मात्र या विषयातला खरा रस मला दुसरीकडे दिसतो. दोन गाड्या पुरतात हे दाखवायला त्या दोन गाड्या पुढे केल्या की झाले. एका गाडीत भागणार नाही, हे कसे पटवायचे? येथे आडगाव आणि सिडको उपयोगी पडतात. या दोन्ही भागांत जाणारी एकही गाडी नाही, म्हणून किमान दोन हव्यातच. ज्यांतले कोणतेही दोन एका संचात येत नाहीत असे घटक गोळा करणे हा आच्छादनाचा जोडप्रश्न, आणि तो खालची मर्यादा देतो. नियोजनाच्या चर्चांत ही बाजू सहसा कोणी मांडत नाही.

चौकांत कॅमेरे लावून प्रत्येक रस्त्याच्या निदान एका टोकावर नजर ठेवायची, हा ‘व्हर्टेक्स कव्हर’चा प्रश्न. एकमेकांना कोठेही न मिळणारे रस्ते एकेक करून निवडत जावे आणि आणखी निवडता येईनासे झाले की निवडलेल्या प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही टोकांना कॅमेरे लावावेत. एखादा रस्ता सुटला असता, तर तो आधीच निवडता आला असता. शिवाय निवडलेल्या प्रत्येक रस्त्याला कोणत्याही योजनेत एक वेगळा कॅमेरा लागतोच. त्यामुळे खर्च सर्वोत्तम योजनेच्या दुपटीपलीकडे जात नाही. तीन चौकांना जोडणाऱ्या तीन रस्त्यांच्या त्रिकोणात अशा रीतीने एकच रस्ता निवडता येतो, कॅमेरे मात्र दोन लागतात. खालची मर्यादा नेहमी गाठता येत नाही ती अशी.

केवळ गोदावरीवरच्या पुलांचा विचार केला, तर अडचण नाहीशी होते. प्रत्येक पुलाचे एक टोक पंचवटीच्या, म्हणजे डाव्या तीरावर आणि दुसरे उजव्या तीरावर असल्यामुळे एकाच तीरावरचे दोन चौक पुलाने जोडलेले नसतात आणि त्रिकोण तयारच होत नाही. अशा द्विभागी ग्राफमध्ये, म्हणजे बिंदूंचे दोन गट असून प्रत्येक जोडणी एका गटातून दुसऱ्यात जाते अशा जाळ्यात, एकमेकांना न मिळणाऱ्या पुलांची महत्तम संख्या आणि कॅमेऱ्यांची किमान संख्या तंतोतंत समान असते, हे डेनेश कोनिग यांनी १९३१ मध्ये सिद्ध केले, आणि ती संख्या झटपट काढताही येते.

सर्वसाधारण ग्राफमध्ये दुपटीची हमी सुधारता येईल का, या प्रश्नाशी इचलकरंजीचे सुभाष खोत यांचे नाव जोडलेले आहे. संगणकशास्त्राच्या गणिती बाजूसाठीचे २०१४ चे नेव्हानलिना पारितोषिक मिळवणाऱ्या खोत यांनी २००२ मध्ये ‘युनिक गेम्स’ हे अनुमान मांडले; एका विशिष्ट प्रकारच्या प्रश्नांचे अंदाजे उत्तर काढणेही अवघड आहे, असे ते सांगते. ते खरे असेल तर दोनपेक्षा कमी असा कोणताही ठरावीक गुणक कार्यक्षमपणे गाठणे अशक्य आहे, हे त्यांनी ओडेड रेगेव्ह यांच्यासह दाखवले. त्या अनुमानाचा आधार न घेता, केवळ पी आणि एनपी भिन्न मानून, २०१८ पर्यंत अशक्यतेच्या सिद्धतेची दोनच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे १.४१ पर्यंतच मजल गेली.