क्रेयॉनने रंगवलेले क्विल्टचे ब्लॉक आणि रंग टिकवायची खटपट

मुलांनी काढलेल्या चित्रांची क्विल्ट (कापडाचे चौकोनी तुकडे, म्हणजे ब्लॉक, जोडून केलेली गोधडी) करायचं बरेच दिवस डोक्यात होतं, पण ओले फॅब्रिक पेंट मुलांच्या हातात द्यायची माझी काही हिंमत नव्हती, म्हणून साधे मेणाचे क्रेयॉन घ्यायचं ठरवलं. कापडावर ते छान चालतात, प्रश्न एकच की धुतल्यावर उरतं किती. मग खऱ्या ब्लॉकना हात लावायच्या आधी त्याच कापडाची एक लांब पट्टी घेतली, तिच्यावर जमतील तेवढे प्रकार केले, धुतली, आणि पुढचं सगळं त्या पट्टीला विचारून केलं म्हणा ना.

कापड शंभर टक्के कॉटन, पांढरं किंवा मोतिया, दाट आणि गुळगुळीत विणीचं. आधी धुवून त्याची खळ काढून टाकायची, आणि सॉफ्टनर अजिबात नाही, कारण खळ काय नि सॉफ्टनर काय, धाग्यावर थर देऊन बसतात, मग रंग धाग्यात जायच्या ऐवजी त्या थरावरच राहतो आणि पहिल्या धुण्यात दोघंही जातात. कापड आटायचं तेही आधीच आटून घेतं.

आता क्रेयॉन म्हणजे काय तर पॅराफिन मेण आणि त्यात कालवलेलं पिगमेंट, म्हणजे रंगाची बारीक पूड. हे मेण साधारण ५० ते ६५ डिग्रीला वितळतं आणि कॉटनवर लावलेली इस्त्री २०० च्या आसपास असते, त्यामुळे इस्त्री टेकली की मेण लगेच पातळ होतं, पिगमेंट घेऊन धाग्यांत उतरतं आणि जास्तीचं मेण वरचा कागद शोषून घेतो. म्हणजे आपल्याला मेण बाहेर काढायचंय आणि पिगमेंट आत ठेवायचंय. पण ते पिगमेंट कॉटनच्या धाग्याशी जोडलं वगैरे जात नाही हं, फक्त धाग्यांच्या फटींत अडकून बसतं. एवढं लक्षात आलं की मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात बुडवा रंग पक्का होतो या सल्ल्यात दम नाही हे कळतं. मीठ कॉटन रंगवायच्या काही डाईंना (डाई म्हणजे धाग्याला जोडला जाणारा रंग) मदत करतं, व्हिनेगर लोकर-रेशमाच्या डाईंना, इथे मुळात डाईच नाहीये. तरी पट्टीवर एक तुकडा तसा केला, उगाच मनात शंका नको, आणि धुतल्यावर तो शेजारच्यासारखाच निघाला.

बाकी पट्टीने काय सांगितलं ते असं. इस्त्री न करता धुतलेला भाग मळकट आणि ठिपक्याठिपक्यांचा झाला. एकदाच रंगवून एकदाच इस्त्री केलेला भाग राहिला पण फिका, हलक्या छटा हव्या असतील तर तोही वाईट नाही. रंगवलं, इस्त्री केली, परत त्यावरच रंगवलं, परत इस्त्री, असं केलेला भाग सगळ्यात भारी, धुतल्यावर थोडा उतरला पण रंग रंगासारखा दिसतो. ज्या क्रेयॉनच्या डब्यावर वॉशेबल लिहिलेलं असतं ते जवळजवळ गेलेच, त्यांचं कामच धुतल्यावर जायचं, तेव्हा डबा नीट वाचून घ्या. आणि एका भागावर इस्त्रीनंतर ब्रशने टेक्स्टाइल मीडियम लावलं होतं (हे अ‍ॅक्रिलिक असतं, पिगमेंटला कापडावर धरून ठेवतं, वाळल्यावर यालाही इस्त्री लागते), तो सगळ्यात पक्का निघाला पण कापड कडक झालं, आणि त्यातून हाताने सुई काढायची म्हणजे बोटांची वाट. अंगावर घ्यायच्या क्विल्टला मला ते नको होतं, भिंतीवर टांगायची असती तर बिनधास्त लावलं असतं.

फॅब्रिक क्रेयॉन म्हणून मिळतात ते का नाही वापरले असं कोणी विचारेल. त्यात दोन जाती आहेत. काही थेट कॉटनवर चालणारे पेस्टल असतात, ते चांगले. पण काही असे की चित्र कागदावर काढायचं आणि इस्त्रीने कापडावर उतरवायचं, हे सिंथेटिक कापडासाठी असतात, कॉटनवर फिके बसतात, आणि चित्र आरशातल्यासारखं उलटं उमटतं, म्हणजे मुलांनी हौसेने लिहिलेलं नाव उलटं.

प्रत्यक्ष रंगवताना कापड सरकतं हा खरा वैताग. मी मागे फ्रीझर पेपरची (एका बाजूला प्लॅस्टिकचा पातळ थर असलेला कागद) चकचकीत बाजू इस्त्रीने चिकटवली, कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं आणि काम झालं की कागद सोलून निघतो. फ्रीझर पेपर नसेल तर खाली बारीक काचकागद ठेवा, कापड त्याला धरून राहतं. ब्लॉक तयार मापापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठे कापले आणि कडेला मास्किंग टेपची चौकट केली, कारण मुलं कडेपर्यंत जातातच आणि मग सूर्याचं डोकं शिलाईत जातं. अचूक माप शेवटी कापायचं, शिलाईचं पाव इंच धरून.

हलके रंग आधी, गडद नंतर. दाबून रंगवायचं पण एकाच दिशेने नाही, उभं आडवं दोन्हीकडून, म्हणजे विणीच्या खाचांत रंग जातो. इस्त्रीच्या आधी क्रेयॉनचा भुगा चिकटपट्टीने टिपून काढायचा, हाताने झटकला की तो पसरतो, आणि काळ्या रंगाचा एक कण जरी राहिला तरी इस्त्रीखाली त्याचा ठिपका होऊन कायमचा बसतो.

इस्त्री करताना वाफ बंद. खाली-वर साधा कोरा कागद किंवा पेपर टॉवेल, छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. इस्त्री फिरवायची नाही, टेकवायची, उचलायची, पुढे टेकवायची, फिरवली की वितळलेला लाल शेजारच्या पिवळ्यात. कागदावर तेलकट रंगीत डाग येतो, तो आला की कागदाची नवी जागा घ्यायची, आणि कागद कोरा निघेपर्यंत हेच. कंटाळवाणं काम आहे, पण घाई इथेच नडते, कारण मेण राहिलं की पुढे सुईला आणि दोऱ्याला रंग लागतो. म्हणूनच चित्रांच्या कडा उलट्या टीपेने भरल्या त्या सगळी इस्त्री संपल्यावर, गडद दोऱ्याने. त्या भरल्यामुळे उद्या रंग अजून फिका झाला तरी चित्र ओळखू येईल. सगळ्यांनाच भरतकामाचा पेशन्स नसतो, त्यांनी पिगमेंट शाईचं पेन वापरावं.

क्विल्ट झाल्यावर थंड पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं, बस. गरम ड्रायरमध्ये उरलंसुरलं मेण परत वितळू शकतं, आणि ड्रायक्लीनला तर देऊच नका, तिथलं सॉल्व्हंट मेण विरघळवतं. परत इस्त्री करावी लागली तर वर कागद ठेवूनच.