वॅगन आर घरच्या घरी उचलणे : नोंद तिसरी

काल गाडीची पुढची दोन्ही चाकं पहिल्यांदाच एकदम अधांतरी ठेवली आणि सव्वा तास निवांत काम केलं. ब्रेक पॅड बदलणं तसं सोपं. सगळा जीव गुंतला होता तो गाडी उचलण्यात.

आमचं पार्किंग इंदिरानगरला, पेव्हर ब्लॉकचं. पावसाने खालची वाळू जागोजागी बसली आहे. मागच्या रविवारी डाव्या घोडीचा (उचललेली गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडचा) एक पाय दोन ब्लॉकच्या सांध्यात बोटभर रुतला आणि गाडी त्या अंगाला कलली. चाक अजून काढलं नव्हतं, मीही खाली नव्हतो, म्हणून निभावलं. वजन पुन्हा जॅकवर घेतलं, गाडी उतरवली आणि त्या दिवशी काम बंद केलं.

मग अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून 8 मिमी जाडीच्या, फूटभर चौरस दोन प्लेट कापून आणल्या. त्यांच्यावर 18 मिमी प्लाय चिकटवला, म्हणजे लोखंडावर लोखंड घसरायला नको. आता घोडीच्या पायांखालचा भार सगळ्या प्लेटवर पसरतो. कालच्या कामानंतर प्लेट उचलून पाहिल्या, खालचे ब्लॉक तसूभरही दबले नव्हते.

ट्रॉली जॅकनेही एक गोष्ट शिकवली. गाडी उचलणारा त्याचा दांडा कमानीसारखा वर जातो, म्हणून गाडी वर येताना जॅकला स्वतःला थोडं पुढे सरकावं लागतं. त्याची छोटी लोखंडी चाकं सांध्यात अडकली, की वरची वाटी जागा सोडू लागते. आता जॅकखालीही सपाट प्लायचा तुकडा असतो आणि पंप मारताना माझी नजर गाडीवर कमी, त्या चाकांवर जास्त असते.

बाकी क्रम ठरलेला. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावायचा, घोड्या दरवाज्यांखालच्या पट्टीवरच्या खाचांपाशी. वजन घोड्यांवर आलं की गाडी खांद्याने जोर लावून हलवून बघायची, मगच हात आत. काढलेली चाकं पट्टीखाली आडवी सरकवून ठेवायची.

शेजारचे काका काळजीनेच म्हणाले, “अहो, दोन सिमेंटचे ब्लॉक लावले असते तरी चाललं असतं की!” नाही चालत, काका. भिंतीत ब्लॉकवर वजन सगळीकडून सारखं येतं. इथे ते एका कडेवर येतं, आणि ब्लॉक फुटतो तेव्हा आधी वाकून इशारा देत नाही.

येत्या रविवारी मागचे ड्रम. काल पुढची चाकं हवेत होती, तेव्हा गिअर कामाचा नव्हता. मागची चाकं हँडब्रेक आणि उटीने, म्हणजे चाकाला लावायच्या अडसराने, धरली होती. आता उलटं होणार. हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो आणि ड्रम काढायला तो सोडावाच लागेल. मग गाडी पहिल्या गिअरवर आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी उटी. आहेत त्या दोनच, म्हणून आणखी दोन बाभळीच्या लाकडाच्या सुताराकडे करायला टाकल्यात. शनिवारी मिळतील.