कोऱ्या पानांची वही

परीक्षा आटोपली की वह्या रद्दीवाल्याच्या काट्यावर चढण्याआधी माय एकदा चाळून पाहते. अक्षरओळख नसली तरी कोरं पान तिला बरोबर कळतं. "अर्धी कोरीच हाये हे. मंग फेकतं कायले?" ज्या घरातलं पहिलंच लेकरू कॉलेजात गेलंय, तिथे पुढच्या सत्राची वही अशी निघते.

मधोमध पिना मारलेल्या वहीत शेवटचं कोरं पान पहिल्या लिहिलेल्या पानाला जोडलेलं असतं. मागचं ओढून फाडलं की पुढचं निसटतं. म्हणून चमच्याच्या दांडीने पिना उघडायच्या, जोडपान घडीवर कापायचं, कोरं तेवढं घ्यायचं. दोऱ्याने शिवलेल्या जाड वहीत मात्र मागचा जुडगाच्या जुडगा कोरा सापडतो, ती लॉटरी. दोनशे पानी वहीत कागद शंभर. चार-पाच वह्यांतून प्रत्येकी वीस-पंचवीस निघाले तरी नवी वही भरते.

गठ्ठा शिवणीच्या बाजूने ठोकून सारखा करायचा. उरलेल्या तीन बाजू खालीवर राहू द्याव्यात. सुरीने कापायला गेलं की कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. काठापासून बोटभर आत बारीक खिळ्याने पाच भोकं पाडायची. पोती शिवायच्या दाभणाने पाडली तर ती मोठी होतात आणि पानं डुलतात. दोऱ्यावर मेणबत्ती घासून मधल्या भोकातून सुरुवात करायची, गाठही तिथेच मारायची.

पुठ्ठा लग्नपत्रिकेचा, वरून कॅलेंडरचं पान, गुळगुळीत बाजू बाहेर. लईसाठी, म्हणजे चिकटवायच्या खळीसाठी, दोन चमचे मैदा वाटीभर थंड पाण्यात आधी कालवून मग गरम करायचा; उलटं केलं की गुठळ्या. हे काम मे महिन्यातच उरकावं. पावसाळ्यात लई वाळत नाही, बुरशी धरते. पण विदर्भाच्या मेमध्ये ती फार लवकर वाळते नि पुठ्ठा पापडासारखा वळतो. तेव्हा सावलीत, रात्रभर पाट्याखाली.

अशा वहीत एकरेघी पानं असतात, धाकट्याची चाररेघी असतात, गणिताची चौकटीही. अर्थशास्त्र चाररेघीत लिहिताना अक्षर आपोआप शाळकरी होतं. होऊ द्यावं.

खरी कामाला येते ती वाचनालयात. संदर्भाचं पुस्तक घरी न्यायला मिळत नाही, आणि शेवटच्या एसटीपर्यंत तास-दीड तासच हाती असतो. सगळंच शब्दन्‌शब्द उतरवणाऱ्याचा पहिल्या प्रकरणातच वेळ संपतो. पानाचा डावा तिसरा हिस्सा मोकळा सोडावा आणि आधी पुस्तकाचं नाव, लेखक, पाठीवरचा आकडा लिहून घ्यावा. पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायच्या ड्यूईच्या पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ वर असतं. तो आकडा कळला की कपाटापाशी कोणाला विचारत बसावं लागत नाही. पहिल्या वर्षी त्या विचारण्याचीच जास्त धास्ती असते. उताऱ्यापुढे पान क्रमांक हवाच, नाहीतर महिन्याने तेच वाक्य पुन्हा शोधायला अख्खं पुस्तक चाळावं लागतं. 'श्रेयांक', 'अनुषंगाने' असे घरात कोणी न बोलणारे शब्द मागच्या पानावर, अर्थासाठी समोर जागा सोडून.

चौकटीची दोन-तीन पानं तेवढी राखून ठेवावीत. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी लागते, संध्याकाळी काटा होतो, आणि कोणी किती किलो वेचला हे लिहायला घरात आता हक्काचं माणूस असतं. चौकटीत आकडे एकाखाली एक सरळ बसतात.